मोजपट्टी गावाच्या हातात: ‘टेक्निकल असिस्टन्स’ म्हणजे नक्की काय देतात?

सामाजिक संस्थेचं कुठलंही प्रपोजल उघडा, त्यात एक ओळ हमखास सापडते: “प्रकल्पांतर्गत समुदायाला तांत्रिक सहाय्य पुरवले जाईल.” इंग्रजीवाले याला टेक्निकल असिस्टन्स म्हणतात. मी बारा वर्षं पाण्याच्या कामात आहे आणि ही ओळ मी स्वतः कितीदा टाइप केलीय त्याला हिशोब नाही. माझी भाची एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करतेय, तिला ‘संशोधन आणि समुदायाची भागीदारी’ असा विषय आलाय असाइनमेंटला, तर तिने फोन करून विचारलं, “मावशी, तांत्रिक सहाय्य म्हणजे नक्की काय देता गं तुम्ही? मशीन देता, ट्रेनिंग देता की पैसे?” प्रश्न एकदम बरोबर होता आणि फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता बसून सविस्तर लिहितेय, तिला तर उपयोग होईलच पण गावात काम करणाऱ्या अजून कुणालाही होईल.

आधी मूळ गोष्ट. संशोधन म्हणजे काय तर एखादा प्रश्न धरायचा, तो नीट मोजायचा आणि मोजून जे दिसलं त्यावरून उत्तर काढायचं. आता गावाकडे प्रश्न असतो आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. कॉलेजकडे, संस्थेकडे, सरकारी खात्याकडे मोजायची पद्धत असते. बाळाचं पोट उडतंय, त्याला धाप लागलीय हे आईला आणि दाईला दिसतं, पण हे साधं सर्दीपडसं की न्यूमोनिया ते ठरवता येत नाही. डॉक्टरला ते ठरवता येतं, पण रात्री दोन वाजता त्या घरात डॉक्टर नसतो. या दोघांच्या मधे जी दरी आहे ती भरायचं काम म्हणजे तांत्रिक सहाय्य, आणि माझ्या मते त्याची एकच कसोटी आहे, ती म्हणजे काम झाल्यावर मोजायची पद्धत गावाच्या हातात राहिली का. ती जर आपल्याबरोबर गाडीत बसून परत गेली असेल तर आपण गावाकडून माहिती गोळा केली एवढंच, सहाय्य वगैरे काही केलं नाही.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं मोठ्या प्रमाणावर न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची वैद्यकातली एक सोपी खूण आहे, बाळ मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा जास्त असतील तर धोका, दोन महिन्यांच्या वरचं, वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त. ऐकायला किती सोपं आहे ना? पण गावातली दाई शाळेत गेलेली नाही, तिच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ नाही आणि तिला दहा-बाराच्या पुढे सलग मोजता येत नाही. मग काय करायचं? बहुतेक ठिकाणी काय होतं माहितीये का, इथे मीटिंग होते आणि ठरतं की “अशिक्षित बायका हे करू शकणार नाहीत, नर्स नेमा”. नर्सची जागा भरली जात नाही आणि विषय संपतो.

सर्चने एक साधं यंत्र बनवलं. एका छोट्या चौकटीत वाळूचं घड्याळ, बरोबर एक मिनिटाचं, आणि शेजारी पाटीवर असतात तशा मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दाईने वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत दहापर्यंत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून. मणी हिरवे, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया, औषध सुरू. बस.

आता यात काय काय झालं ते जरा थांबून बघा, कारण सगळं सार इथेच आहे. शास्त्र एक कणभरही सैल केलेलं नाही, ६० म्हणजे ६० आणि ५० म्हणजे ५०च. दाईला जे येतं, दहापर्यंत मोजणं, मणी सरकवणं, रंग ओळखणं, त्याच्यावरच सगळं उभं केलं. आम्हा लोकांना वाटतं सोपं करणं म्हणजे अवघड भाग काढून टाकणं, चार चित्रं काढायची, एक पोस्टर लावायचं. ते सोपं करणं नव्हेच. अवघड भाग आतमध्ये तसाच ठेवून त्याला गावातल्या माणसाच्या हाताला बसेल अशी मूठ लावायची, तांत्रिक सहाय्यातलं ‘तांत्रिक’ म्हणजे हे.

पुढे याच भागात नवजात बाळांवर काम झालं. जन्मल्यापासून पहिले २८ दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची पद्धत बसवली आणि शेजारच्या ४७ गावांमध्ये फक्त मोजणी केली, तिथे सरकारी सेवा जशी चालू होती तशीच चालू राहिली. इथे भाचीने लगेच विचारलं होतं, “मग त्या ४७ गावांवर अन्याय नाही का?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण समजा ३९ गावांतच काम केलं आणि मृत्यू कमी झाले, तर कुणीही म्हणेल की अहो त्या वर्षी सगळीकडेच कमी झाले असतील, रस्ता आला असेल, पीक चांगलं आलं असेल. तुलनेला दुसरी गावं असली तरच सांगता येतं की फरक या कामामुळे पडला. आणि तो सांगता आला तरच ही पद्धत देशभर न्यायला सरकार तयार होतं, नाहीतर ती ३९ गावांची गोष्ट म्हणून राहून जाते.

काम करणाऱ्या बाया गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाला तोलायला स्प्रिंगचा काटा, ताप बघायला थर्मामीटर, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला बॅग आणि मास्क, थंडीत गुंडाळायला उबदार पिशवी, आणि जंतुसंसर्ग झाला तर द्यायला औषध, इंजेक्शनसुद्धा. संसर्ग ओळखायच्या खुणा बघा, रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय ढिले पडले, अंग गार लागतंय. यातली प्रत्येक गोष्ट आईच्या नजरेत आधीच असते, तिला फक्त हे माहीत नसतं की यातल्या दोन खुणा एकदम दिसल्या की थांबायचं नाही. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांत त्याच काळात झालेला बदल हिशोबात धरून, ६२ टक्क्यांनी खाली आलेला होता. तेव्हा दर हजार जन्मांमागे तुलनेच्या गावांत साठच्या आसपास बाळं जात होती आणि इथे पंचवीस-सव्वीस. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये भारत सरकारने घरच्या घरी नवजात काळजीची पद्धत आशांमार्फत देशभर घेतली. तुमच्या गावातली आशाताई बाळ झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ना, त्याचं मूळ इथे आहे. (आशा इंजेक्शन देत नाही, ते सरकारी पद्धतीत घेतलेलं नाही.)

याच लोकांची दुसरी एक गोष्ट मला यापेक्षाही जास्त शिकवून गेली. सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं होतं. काम पक्कं होतं, आजार तिथे होता हेही सिद्ध झालं. पण लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा मोठा प्रश्न नव्हताच, तो संशोधकांना महत्त्वाचा वाटलेला प्रश्न होता, हे डॉ. बंग स्वतः जाहीरपणे सांगत आलेत. मग त्यांनी आधी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा तेही विचारलं, लोक म्हणाले मोठ्या इमारतीची भीती वाटते, तर शोधग्राम या सर्चच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं दंतेश्वरीचं, गोंडांच्या देवीचं. प्रश्न कुणी ठरवला ही भागीदारीतली पहिली पायरी आहे आणि ती चुकली की पुढचं सगळं कितीही नीट केलं तरी लोक आपल्या कार्यक्रमाला येतात, चहा पितात, सही करतात आणि जातात.

आता माझ्या कामाकडे येते, म्हणजे पाण्याकडे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या हा सच्छिद्र खडक, कुठे कठीण काळा पाषाण, असे थरावर थर. लोकांना वाटतं जमिनीखाली तळं आहे नाहीतर नदी वाहतेय. तसं नसतं, पाणी असतं मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये, त्यामुळे एका बांधावर दोन विहिरी असतात आणि एकीला मे महिन्यातही पाणी असतं तर दुसरी संक्रांतीलाच तळ दाखवते. याचा अर्थ असा की दुसऱ्या गावचा आकडा तुमच्या गावाला चालत नाही. सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या राज्यभर हजारो निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतात, ते काम मोलाचं आहे, जिल्ह्याचं चित्र त्यावरूनच कळतं. पण तुमच्या शिवारात यंदा रब्बीला किती पाणी आहे हे पाच-सहा किलोमीटरवरच्या एका विहिरीवरून कसं सांगणार? ते गावानेच मोजायला लागतं.

म्हणून आम्ही एका गावात मोजायला सुरुवात केली. गाव पुणे जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं म्हणजे कमी पावसाचं, एवढंच सांगते. आमच्याकडे पाणीपातळी मोजायचं चांगलं मीटर होतं, लांब केबल, टोकाला सेन्सर, पाण्याला टेकला की वर बझर वाजतो. दोन दिवस ट्रेनिंग घेतलं, फोटो काढले, मीटर ग्रामपंचायतीला दिलं. चार महिन्यांनी गेलो तर मीटर कपाटात, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा येणार आणि मीटरची बॅटरी संपलेली, ती तालुक्याला मिळत नाही. नोंदी शून्य. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि राग आला तो आमच्यावरच, कारण मण्यांच्या यंत्राची गोष्ट तर मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगत होते.

मग तिथल्या एका आण्णांनी मार्ग काढला. त्यांनी गवंड्याची तीस मीटरची टेप आणली, टोकाला जड नटबोल्ट बांधला आणि विहिरीत सोडली. खाली ‘टप्प’ झालं की थांबायचं. पण खोल विहिरीत ते ‘टप्प’ नीट ऐकू येत नाही, चार बोटं इकडेतिकडे होतात, आणि पाणी कमी असलं की चार बोटांनीही फरक पडतो. इथे आमचा भूशास्त्रज्ञ सहकारी कामाला आला. त्याने टेपच्या खालच्या मीटरभर भागाला शाळेतला खडू घासायला सांगितला. टेप पाण्यात थोडी बुडेल एवढी सोडायची, कठड्यावरच्या खुणेपाशी पूर्ण आकडा धरायचा, समजा १२ मीटर, आणि वर ओढून बघायचं खडू कुठपर्यंत ओला झालाय. ४० सेंटीमीटर ओला असेल तर पाणी खुणेपासून ११.६ मीटर खाली. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची पातळी मिळते. ही भूजलवाल्यांची जुनी, जगभर चालणारी पद्धत आहे. टेप आण्णांची, खडू शास्त्राचा, आणि खर्च जवळपास काहीच नाही. बॅटरी लागत नाही, किल्ली लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आमच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं, “पातळी सकाळी ७ वाजता घ्यावी”. कागदावर बरोबर आहे, रात्रभर विहीर शांत असते, सकाळी पातळी खरी मिळते. गावातल्या सखूआक्कांनी तो फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, “अगं बाई, या आठवड्यात लाइट रात्रीची हाय. रातभर मोटरी चालत्यात. सकाळी सातला हीर तळाला गेलेली असणार, तवा मोजून काय उपेग?” शेतीची लाइट आमच्याकडे पाळीपाळीने असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे आम्हाला माहीत होतं पण फॉर्म बनवताना डोक्यात आलं नाही. तो फॉर्म तसाच वापरला असता तर आमच्या ग्राफवर दर थोड्या दिवसांनी पाणी खाली गेलेलं दिसलं असतं आणि आम्ही त्याच्यावर काहीतरी शास्त्रीय कारण शोधत बसलो असतो. गावाने ठरवलं, दिवसाच्या पाळीच्या आठवड्यातच मोजायचं, मोटर चालू व्हायच्या आधी. लोक संशोधनात घेतले की संशोधन ढिलं पडतं असं अजूनही काही प्राध्यापक मंडळींना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण देते. सखूआक्कांमुळे आमचा डेटा सुधारला, ही उपकाराची भाषा नाहीये, खरंच तसं झालं.

मोजलं, मग पुढे काय? तर ताळेबंद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हा शब्द घरोघरी पोचवला, पाण्याचा ताळेबंद, बँकेच्या पासबुकासारखा. जमा किती, खर्च किती, यंदा पाऊस किती पडला त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं, आणि उसासारख्या पिकाला तिथे गावानेच बंदी घातलेली आहे.

हिशोब अवघड नाही, फक्त कुणीतरी एकदा सोबत बसून करून घ्यायला लागतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ५०० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला की सगळे हसतात, एवढं पाणी पडतंय तर मग टँकर कशाला. मग पुढची ओळ. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही ओढ्याने वाहून जातं, काही माती आणि पिकं पितात. आपल्या खडकात मुरून विहिरीला मिळतं ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरायचं, खडक कसा आहे त्यावर कमीजास्त. म्हणजे उरले ५० कोटी लिटर. आता एक हेक्टर उसाची वर्षाची गरज साधारण २ कोटी लिटर, त्यातलं थोडं पावसातून भागतं असं धरलं तरी तीसेक हेक्टर ऊस हे सगळं पाणी पिऊन टाकतो. हजारातले तीस. माणसांना, जनावरांना, बाकीच्या ९७० हेक्टरला मग काय? हे फळ्यावर आलं की हसणं थांबतं आणि खरी चर्चा सुरू होते, मोठ्या आवाजात होते, आणि ती आपण करायची नसते, गावानेच करायची असते.

इथे मेंढा-लेखाची आठवण काढायलाच हवी. गडचिरोलीतलंच गाव, “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्यांची घोषणा. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल या जोडीने तिथे एक फार विचारपूर्वक व्यवस्था बसवली. अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार येतात, माहिती देतात, वाद घालतात, कायदा समजावून सांगतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने, आणि तो गावाचाच. तज्ज्ञाची जागा कुठे आणि कुठे नाही ती इतकी स्वच्छ आखलेली मी दुसरीकडे फारशी बघितली नाही. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे हा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. तांत्रिक सहाय्य देणाऱ्याने अभ्यास गटात बसावं, ग्रामसभेत मागे बसून ऐकावं.

एक दुखरी गोष्टही सांगते. आमच्या आधी त्याच गावात एका संस्थेने येऊन सर्वे केला होता, नाव घेत नाही. घरोघरी फिरून प्रश्न विचारले, विहिरींचे पाणीनमुने बाटल्यांत भरून नेले, प्रत्येक बाटलीवर शेतकऱ्याचं नाव. परत कुणी आलं नाही. पाण्यात काय निघालं, नायट्रेट जास्त आहे की फ्लोराइड, प्यायचं की नाही, काही कळलं नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एक ताई दारातच म्हणाल्या, “मागच्यांनी बाटली नेली, तुम्ही काय नेणार?” पुढचं जवळजवळ एक वर्ष आम्ही त्या एका वाक्याचं उत्तर देत होतो. म्हणून मी सगळ्या नव्या मुलांना सांगते, प्रपोजलच्या बजेटमध्ये पहिला खर्च लिहायचा तो निकाल परत गावात आणायचा. रिपोर्ट इंग्रजीत एकशेवीस पानांचा असू दे, गावात यायला हवी ती एका बाजूची मराठी चिठ्ठी, विहीर अमुक, पाणी पिण्यायोग्य आहे किंवा नाही, नसेल तर काय करायचं. आणि मूळ आकड्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत. डेटा कुणाचा यावर परिषदांमध्ये तासन्‌तास बोलतात, माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे, विहीर ज्याची त्याची.

कागदपत्रांचंही थोडं सांगते कारण भाचीला ते लागणार आहे. माणसांवर आरोग्याचं संशोधन करायचं असेल तर आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, त्या कमिटीत नुसते डॉक्टर चालत नाहीत, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा जाणकार आणि एक सामान्य माणूस असायला लागतो. संमतीपत्र लोकांना समजेल अशा भाषेत लागतं, वाचता न येणाऱ्याने अंगठा द्यायचा तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. पण भाषा समजणारी म्हणजे काय? “सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून” ही मराठी आहे का? आहे, पण ती कोर्टाची मराठी. आम्ही गावातल्या दोन बायकांना मसुदा वाचून दाखवतो आणि त्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावतो, जिथे त्या अडखळतात ते वाक्य बदलतो. यालाही तांत्रिक सहाय्यच म्हणायचं.

पैशाचं जरा घाईत सांगते पण ते विसरू नका. संशोधकाला पगार, ड्रायव्हरला भत्ता आणि गावात रोज पर्जन्यमापक बघणाऱ्या मुलीला “सामाजिक बांधिलकी”, हे मला पटत नाही. तिचं मानधन बजेटमध्ये हवंच. सरकारच्या अटल भूजल योजनेत, जी २५ डिसेंबर २०१९ ला जाहीर झाली, सात राज्यांसाठी ६,००० कोटींची आणि त्यात आपला महाराष्ट्रही होता, त्यात १,४०० कोटी संस्था आणि क्षमता बांधायला आणि ४,६०० कोटी चांगलं काम करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून ठेवलेले होते. गावाने स्वतः मोजावं आणि स्वतःचा जलसुरक्षा आराखडा करावा ही त्यातली कल्पना. म्हणजे शिकवायला आणि मोजायला पैसा लागतो हे आता सरकारी कागदावरही आलेलं आहे, मागायला संकोच करू नये.

फक्त पाणी आणि आरोग्यच कशाला, बियाणांतही हेच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री, त्यांच्याकडे वाणांचं ज्ञान आधीपासून होतं, कुठला वाल कुठल्या जमिनीत, कुठलं भात कधी. बायफ या संस्थेच्या लोकांनी त्याला बियाणे बँकेची शिस्त जोडली. गावातल्या बियाणे बँकेला लागतं ते तरी काय, बरणीवर नाव आणि हंगाम लिहायचा, बी नीट वाळवून ठेवायचं, आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजायचं. ८५ उगवले तर उगवण ८५ टक्के, टक्केवारी न शिकलेल्या माणसालाही कळते कारण दाणे शंभरच आहेत. मला तर यात मण्यांच्या यंत्राची सख्खी बहीणच दिसते.

भाचीने शेवटी विचारलं होतं की हे काम झालं हे कधी समजायचं. त्याला माझ्याकडे व्याख्या नाही, पण या मे महिन्यात जे बघितलं ते सांगते. आम्ही त्या गावात आता वर्षातून दोनदाच जातो. पारावरच्या भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन आहे, त्यावर सात विहिरींची पातळी खडूने लिहितात. नोंदी ठेवणारी मुलगी कॉलेजला गेली म्हणून तिची धाकटी बहीण हे काम बघते, आठवीत आहे. आम्ही पारावर बसलेलो असताना एक काका तणतणत आले, भिंतीवरचा आकडा दाखवत म्हणाले, “माझ्या हिरीला चौदा मीटर कसं काय लिहिलंस? एवढं खाली गेलेलं नाय.” पोरीने वही काढली, तारीख बघितली आणि म्हणाली, “काका, त्या दिवशी तुमची मोटर आदल्या रात्री चालू होती का?” काका जरा थांबले. म्हणाले, पाहुणे होते, मळ्याची टाकी भरायला तासभर लावली होती. तिने भिंतीवरचा आकडा पुसला नाही, त्याच्यापुढे लहानसं प्रश्नचिन्ह काढलं आणि सांगितलं, “उद्या सकाळी मोटर लावू नका, मी येते टेप घेऊन.” आमच्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, काकांची विहीर, १३.१ मीटर, सोबत ओल्या खडूच्या टेपचा फोटो.